काचेवरची खोली

११ डिसेंबर

प्रिय ताई,

गाडी आमच्या दारात येऊन इतके दिवस झाले आणि मी तुला अजून नीट लिहिलं नाही, म्हणून तू माझा कान पिळणार हे मला माहीत आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरून काढतेस. गेल्या खेपेस मी यांना सर्दी झाल्याचं सांगितलं, तर तू बॅग भरायला घेतलीस. त्यापेक्षा बोर्डिंगमधल्या सवयीने कागदच बरा. आता निदान कोणी सिस्टर आधी उघडून वाचत नाहीत.

गाडी म्हणजे काय गं, चाकांवरची बैठकीची खोली! भावजींनी ती किती जपली होती ते पावलोपावली कळतं. दारं लावली की बाहेरचा आवाज असा विरून जातो, जणू कोणी जगावर दुलई टाकली. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून यांना सकाळी काय करावं सुचत नव्हतं. जन्मभर औषधांच्या फळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस! आता घरात चांगल्या खुर्च्या असताना हे दारासमोर उभ्या गाडीत जाऊन पेपर वाचतात. शेजारीण मला विचारते, "भांडण झालं का हो?"

आता वाईट बातमी, आणि ती ऐकून रागावू नकोस. भावजी गेल्यावर गाडी आम्ही तुझ्याकडून घेतली तेव्हा तू म्हणाली होतीस, "तुमची झाली, आता मला तिचं काही सांगू नका." पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. खडी भरलेला ट्रक पुढे होता, त्यातला एक खडा उडाला आणि समोरच्या काचेवर बसला. टवका उडाला तांदळाएवढा. दुसऱ्या दिवशी थंडी पडली आणि त्या टवक्याला पाय फुटले. आता यांच्या बाजूने एक तडा निघून मधल्या आरशाकडे चाललाय. हे रात्री जेवले नाहीत. माणसाला लागलं तर आपण विचारतो, दुखतंय का, तसे हे काचेवरून बोट फिरवत होते.

काचवाला येऊन बघून गेला. आडदांड माणूस, पण आवाज इतका मऊ की वाटावं आजारी माणसाच्या खोलीत बोलतोय. म्हणाला, या गाडीला साधी काच चालत नाही. आरशामागे पावसाचा थेंब ओळखणारा डोळा असतो, तसली काच लांबून मागवावी लागेल. तोवर चिकटपट्टी लावून ठेवा आणि एक पथ्य पाळा: काचेवर गरम हवा सोडू नका, नाहीतर तडा पळत सुटेल.

म्हणून रोज सकाळी आम्ही दोघं गाडीत बसून काचेवरचं धुकं आपोआप विरण्याची वाट बघतो. बाहेर पांढरं, आत पांढरं. ढगाच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. आणि ताई, त्या पांढऱ्यात माझ्या बाजूला एक चित्र उगवतं! कोणीतरी कधीतरी बोटाने काढलेलं. एक वेडावाकडा चौकोन, त्यात कलिंगडाची फोड आणि एका बाजूला आडवी पडलेली शिडी. ऊन आलं की जातं, पुन्हा दव धरलं की येतं. कुठल्या नातवाची कारागिरी गं ही? हे फडकं घेऊन आले होते, मी त्यांचा हात धरला. पुसायला मन होत नाही.

पायाचं प्लास्टर कधी निघणार? आणि जिन्यावर दिवा लावून घे.

तुझी,
टिटवी

*

१७ डिसेंबर

टिटवे,

पत्र मिळालं. काच फुटली तर फुटली. मी कशाला रागावू? मेहुण्यांना सांग, जेवण सोडल्याने काच सांधली जात असती तर काचवाले उपाशी मेले असते.

माझं प्लास्टर जानेवारीच्या मध्याला निघेल म्हणतात. तोवर मी चौथ्या मजल्यावर राणीसारखी बसून आहे. मुलगी संध्याकाळी येते, डबा ठेवते, मोठ्याने बोलते. ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलतात ते ठीक, पण सगळे सावकाशही बोलतात. मी बहिरी आहे, खुळी नाही.

आता तुझ्या चित्राचं. नातू त्या गाडीत पुढे कधीच बसला नाही. आमच्या साहेबांनी त्याला बूट काढल्याशिवाय चढू दिलं नाही, आणि तेही मागे, हात मांडीवर ठेवून. त्या काचेला बोट लावायची कोणा पोराची छाती नव्हती.

ती कलिंगडाची फोड म्हणतेस ना, ती पुन्हा एकदा नीट बघ. तिची गोल कड पुरती भिंतीपर्यंत जाते की मध्येच थांबते? आणि थांबत असेल तर जिथे थांबते तिथे काही आहे का?

सहज विचारते.

ताई

*

२३ डिसेंबर

प्रिय ताई,

तू आयुष्यात काहीही सहज विचारलेलं नाहीस. बोर्डिंगमध्ये तू 'सहज' विचारलं होतंस की मागचं फाटक किती वाजता बंद होतं, आणि मग आपल्या दोघींना आठवडाभर प्रार्थनेच्या वेळी मागे उभं राहावं लागलं होतं.

उत्तर देण्याआधी सांगते की मी फोटो काढायचा प्रयत्न केला. यांनीही केला. फोनला काचेवरचं काही दिसतच नाही, तो समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत बसतो. अकरा वेळा खांबाचा फोटो आला. शेवटी मी माझे दोन डोळे आणि चष्मा घेऊन बसले.

फोडीची गोल कड भिंतीपर्यंत जात नाही. अर्ध्याहून थोडी पुढे जाते आणि थांबते. थांबते तिथे एक लहानसा लांबट चौकोन आहे, पेटीसारखा, आणि त्याच्या एका टोकाला एक गोल. गोल फार काळजीने काढलाय. बाकी सगळ्या रेघा थरथरतात, पण त्या गोलाभोवती बोट दोनदा फिरलेलं दिसतं.

शिडी चौकोनाच्या आत नाही, त्याच्या एका भिंतीतच आहे. मी आधी चुकीचं सांगितलं.

तडा आता आरशाच्या खाली आलाय. पोलिसाने परवा गाडी थांबवली, काचेकडे बोट दाखवलं आणि यांच्या तोंडाकडे बघून सोडून दिलं. म्हणाला, "बदला काका, लवकर."

आता तूही लवकर सांग. काय आहे हे?

टिटवी

*

२९ डिसेंबर

टिटवे,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीत बसले. मुलगी आली, तिने दिवा लावला, तेव्हा कळलं की अंधार पडलाय.

तुला नकाशे वाचता येत नाहीत, म्हणून सांगते. वरून बघितलेली खोली काढायची असली की भिंतींचा चौकोन काढतात आणि दार जिथे उघडतं तिथे ते किती फिरतं हे दाखवायला चतकोर पोळीसारखी एक गोल रेघ काढतात. तुला ती कलिंगडाची फोड वाटली. ते दार आहे.

सगळ्या जगातल्या नकाशांत ती रेघ पुरी असते. साहेबांनी जन्मभर शेकडो घरं काढली, सगळ्यांची दारं पुरती उघडणारी. एकच दार अर्धवट उघडायचं. लग्नानंतर आम्ही एका छापखान्याच्या वर राहायचो, तुला आठवत असेल, तू एकदा आली होतीस आणि खालच्या यंत्राने जमीन हलायला लागल्यावर किंचाळली होतीस. त्या एका खोलीत माझं शिवणयंत्र ठेवायला दारामागचाच कोपरा होता. दार उघडलं की यंत्राला आपटायचं आणि तिथेच थांबायचं. आत येणाऱ्याने अंग चोरून यायचं. साहेबांनी गंमत म्हणून त्या खोलीचा नकाशा काढला होता आणि दाराची रेघ यंत्राशी तोडली होती. म्हणाले, "नकाशात खोटं बोलायचं नाही. आपलं दार एवढंच उघडतं."

तुझ्या पेटीच्या टोकाला जो गोल आहे, तो यंत्राचं चाक असू शकेल.

असू शकेल म्हणते, कारण मला फार पुढे जायची भीती वाटते. तुला खरं सांगू? झटक्यानंतर साहेब जितके महिने होते, त्यांना मी कोण आहे ते कळत होतं की नाही, हे मला कधीच समजलं नाही. बोलणं गेलं, उजवा हात गेला. माझ्याकडे बघायचे, पण रेल्वेच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तसे. एकदा मी औषध घेऊन गेले तर त्यांनी डाव्या हाताने खुर्ची दाखवली, पाहुण्याला 'बसा' म्हणतात तशी. मी बसले. काय करणार?

रोज सकाळी ड्रायव्हर आम्हाला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचा. मी चाकाची खुर्ची आणायला आत जायचे, ड्रायव्हर बाहेर बिडी ओढायचा, आणि साहेब पुढच्या सीटवर एकटे असायचे, तुझ्या जागेवर. हिवाळाच होता. मी परत येईपर्यंत दारं उघडलेली असायची आणि काच स्वच्छ असायची.

ते चित्र त्यांनी काढलं असेल आणि ती आमची खोली असेल, तर त्यांना कळत होतं. म्हणजे मी कोण तेही कळत होतं. मला आणखी काही नको.

मला येता येत नाही. हे प्लास्टर तोडून फेकावंसं वाटतं. तू मला ते कागदावर उतरवून पाठवशील का? जसंच्या तसं. रेघ वाकडी असेल तर वाकडी. तुला शिवणकामाच्या वर्गात सगळं सरळ करायची खोड होती, ती इथे नको.

ताई

*

७ जानेवारी

प्रिय ताई,

सोबत घडी घातलेला कागद आहे. पत्र आधी वाच, मग तो उघड. पण तू आधीच उघडला असशील, मी तुला ओळखत नाही का?

पत्र आल्यापासून सकाळी ऊन पडत होतं. मी देवाला म्हटलं, एरवी तू आमच्या खिडक्या धुक्याने भरून टाकतोस, आता काय झालं? शेवटी काल उजाडलं तेव्हा समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. आतून काढायला गेले तर कागद दव पिऊन टाकेल आणि चित्रच पुसलं जाईल, म्हणून मी बाहेर स्टूल मांडलं आणि काचवाल्याकडून आणलेल्या मेणाच्या पेन्सिलीने काचेच्या बाहेरच्या अंगावर एकेक रेघ गिरवली. हे आत बसले होते. त्यांना हुकूम दिला होता, श्वास मोठा सोडा, धुकं टिकलं पाहिजे, आणि हलायचं नाही. मध्येच त्यांना शिंक आली. आतून काच हलली, मी बाहेर ओरडले. रस्त्याने पळणारे एक गृहस्थ थांबून विचारायला लागले, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "माझे भावजी घर काढतायत." ते जरा जोरातच पळाले.

मग धुकं गेल्यावर पेन्सिलीच्या रेघांवर पातळ कागद ठेवून उतरवलं. काहीही सरळ केलं नाही, शपथ.

ताई, त्या रस्त्यावर, त्या पांढऱ्या शांततेत मी भावजींच्या बोटामागे बोट नेत होते. एका जागी त्यांचं बोट थांबून पुन्हा सुरू झालेलं कळतं. मला वाटलं, आत तेच बसलेत आणि मी त्यांना दार उघडून द्यायला उभी आहे.

नवी काच आली आहे. काचवाल्याचा निरोप आला. मी यांना म्हटलं, ताईचं पत्र येईपर्यंत नाही. हे उठून गाडीकडे गेले. चिकटपट्टीवर आणखी एक चिकटपट्टी लावली.

तुझी,
टिटवी

*

१३ जानेवारी

टिटवे,

कागद बघितला. ती आमची खोली नाही.

आमच्या दारातून आत आलं की यंत्र उजव्या हाताला होतं. माझ्या उजव्या कोपराला अजून त्या दाराच्या कडीचा वण आहे. या चित्रात ते डाव्या हाताला आहे. आणि तुझी शिडी म्हणजे खिडकी. नकाशात खिडकी तशीच काढतात, भिंतीत आडव्या रेघा. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. दारावर एक झरोका होता, बस.

ही दुसरी कोणती तरी खोली आहे. कोणा गिऱ्हाइकाची असेल. किंवा कुठलीच नसेल. एवढी वर्षं नकाशे काढलेला हात आहे, मालक नसताना नुसता चालला असेल. ती पेटी कपाट असेल आणि तो गोल काहीही असेल.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू फार मायेने केलंस. माझीच चूक, म्हातारपणी एवढी आशा करायची नसते. काच बदलून घ्या. मेहुण्यांना समोरचं नीट दिसलं पाहिजे. हे मी मनापासून लिहिते आहे.

प्लास्टर परवा निघतंय.

ताई

*

१९ जानेवारी

ताई, ताई, ताई,

तो कागद फेकला नाहीस ना? फेकला असशील तर केराच्या टोपलीत हात घाल, आधी हात घाल आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते यांना वाचून दाखवलं. मग मी काचवाल्याला बोलावलं. तूच म्हणालीस ना, बदलून घ्या. आज सकाळी तो आला. नवी काच त्याच्या गाडीत ब्लँकेटमध्ये गुंडाळून उभी. बॉनेटवर त्याने जाड चादर पसरली, वायपर काढून बाजूला ठेवले. मला म्हणाला, "आतलं काही सामान असेल तर काढून घ्या, ताई."

मी कप्प्यातले कागद काढायला आत बसले. धुकं होतं. चित्र उगवलं होतं. मी मनात म्हटलं, भावजी, निरोप घेते. आणि बघते तर पेटी उजवीकडे!

मी बाहेर गेले, स्टुलावर चढले. डावीकडे. पुन्हा आत. उजवीकडे. काचवाला माझ्याकडे बघत राहिला, आणि हे त्याला हळूच म्हणाले, "थांबा जरा, काहीतरी झालंय."

अगं वेडे, मी रस्त्यावर उभी राहून काढलं आणि भावजी आत बसून! मी तुला लिहिलंसुद्धा होतं की बाहेर स्टूल मांडलं. तू वाचलंसुद्धा असशील. दोघींच्या डोक्यात उजेड पडला नाही. शेंगदाण्याएवढी अक्कल आपल्या दोघींत मिळून नाही, शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या ते खरंच. त्यांनी आपल्याला बाही उलटी जोडल्याबद्दल किती वेळा उसवायला लावलं होतं!

कागद पातळ आहे. तो उलटा कर आणि खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघ.

मी काचवाल्याला परत पाठवलं. वाटलं होतं चिडेल. त्याने वायपर पुन्हा बसवले, चादरीची घडी घातली आणि विचारलं, "कोणाचं आहे ते?" मी सांगितलं. तो म्हणाला, पुढचा आठवडा रिकामा ठेवतो, पण त्यापुढे तड्याचा भरवसा नाही, तो तुमच्या बाजूला वळलाय.

खिडकीचं मला सांगता येत नाही. खिडकी आतूनही खिडकीच आहे.

टिटवी

*

२५ जानेवारी

टिटवे,

कागद टोपलीत नव्हता. उशीखाली होता. एवढंच सांगते, जास्त विचारू नको.

उलटा केला. खिडकीला लावला. उजव्या हाताला शिवणयंत्र, त्याचं चाक भिंतीकडे, जसं होतं तसं. दार त्याच्यापाशी थांबतं. माझी आपली जुनी सवय, कागदासमोर उभं राहून मी अंग चोरलं.

मग खिडकी. जवळजवळ पूर्ण सकाळ मी तिच्याकडे बघत होते. ती ज्या भिंतीत आहे, ती भिंत यंत्राच्या समोरची. तिच्याकडे तोंड करून मी दिवसभर शिवायचे. कोरी भिंत, चुना उडालेली. पहिल्या वर्षी मी एकदा रडले होते, की लोकांचे कपडे शिवताना नजर वर केली तरी भिंतच दिसते. तेव्हा साहेब म्हणाले, "मी तुला तिथे खिडकी काढून देईन." घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नव्हता, खिडकी कुठली काढू देतो? पुढे आम्ही ती खोली सोडली, मोठ्या घरात गेलो, खिडक्याच खिडक्या. मी ते बोलणं साफ विसरले.

ते विसरले नव्हते. मी त्यांच्याशेजारी बसून विचार करत होते, यांना माझं नाव तरी आठवतं का, आणि ते राहिलेलं काम करत होते.

मुलीला सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "आई, बाबांनी डाव्या हाताने काढलं?" हो, डाव्या हाताने.

कागदावरच्या रेघा तुझ्या हातच्या आहेत, मला त्यांच्या हातच्या बघायच्या आहेत. पाय आता टेकतो. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. शनिवारी काचवाल्याला बोलाव, त्याच्या आधी मला बसू दे.

ताई

*

२७ जानेवारी

ताई,

ये. हे स्टेशनवर येतील. त्याच गाडीने आणू नका म्हणून मी त्यांना सांगितलंय, तुला एकदम नको. ते रिक्षाने येतील आणि तुझी बॅग उचलायचा हट्ट धरतील, धरू दे. काचवाल्याला शनिवारचं सांगितलं. त्याने विचारलं, "बाई येतायत?" मी म्हटलं, येतायत.

तडा अजून चित्रापर्यंत पोहोचलेला नाही. मी रोज बघते.

टिटवी

*

६ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

सुखरूप पोहोचले. मुलगी स्टेशनवर आली होती, तिने माझं तोंड बघितलं आणि सावकाश बोलायचं विसरून गेली.

त्या सकाळी धुकं पडलं नाही म्हणून तू जी हवेला नावं ठेवत होतीस, ती मी विसरणार नाही. तुला शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. सिस्टरना माहीत होतं का? पण तिघांनी गाडीत बसून काचेवर फुंकर घालायची कल्पना तुझीच. मेहुण्यांना तर चक्कर यायला लागली. काचवाला हत्यारं घेऊन बाहेर उभा होता आणि सज्जनासारखा दुसरीकडे बघत होता, जसं काही असले तीन म्हातारे फुंकरवाले तो रोजच बघतो. आणि ते उगवलं. आधी यंत्राचं चाक, मग दार.

तू काही बोलली नाहीस, एरवी एक मिनिट गप्प न बसणारी तू. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

काच काढताना मी पुढे उभी राहिले ते तुला आवडलं नाही. पण मला बघायचं होतं. त्याने तारेने कडेचा डिंक कापला, मेहुण्यांनी आणि त्याने रबराच्या मुठी लावून काच उचलली, आणि उन्हात तिच्यावर काहीही नव्हतं. नुसतं आभाळ होतं. तो म्हणाला, "बाई, हवी तर गुंडाळून देतो, तेवढाच तुकडा कापता येत नाही, सगळी घ्यावी लागेल." मी नको म्हटलं. चौथ्या मजल्यावर मी गाडीची काच घेऊन काय करू? आणि मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं.

नव्या काचेतून तुमची गल्ली मला चांगली दिसली. मेहुणे अगदी नवरदेवासारखे बसले होते.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नाही. काच काढण्याआधी तू कॉफी करायला आत गेलीस आणि मेहुणे काचवाल्याशी त्या पावसाच्या डोळ्याबद्दल बोलत राहिले, तेव्हा मी गाडीत एकटी होते. चित्र पुसट व्हायला लागलं होतं. मी पुन्हा फुंकर घातली, फक्त खिडकीवर.

साहेबांना पडदे कधी चालले नाहीत. म्हणायचे, मी भिंत फोडून उजेड आत आणतो आणि तू त्याच्यासमोर फडकं टांगतेस. प्रत्येक घरात आमचं यावरून वाजलं. मी शिवायचे, ते काढायचे, मी पुन्हा लावायचे.

मी बोटाने त्या खिडकीच्या एका कडेला पडदा काढला. एक नागमोडी रेघ, चुणीचुणीची. मग हात मांडीवर ठेवून थांबले.

ते काही बोलले नाहीत. मग मी दुसऱ्या बाजूलाही लावला.

तुझी,
ताई